न सापडल्याची नोंद

अमेरिकेने २ मे २००० रोजी जीपीएसच्या नागरी संदेशातली हेतुपुरस्सर ठेवलेली खोट काढली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. 'जिओकॅशिंग'चा छंद असा जन्मला.

यंत्र दाट झाडीत आजही काही मीटर चुकते. कधी डबीच कुणी उचललेली असते. दिवसभर हिंडून माणूस हात हलवीत परततो. तरीही जाणते छंदिष्ट 'सापडली नाही' अशी नोंद करतात. अशा नोंदी साचल्या, की लपवणारा डबी जागेवर आहे का ते पाहतो. पुढच्यांची पायपीट वाचते. बँकेतही निरंक पत्रक वेळेवर धाडावेच लागे.

घरी मात्र आपण मुलांकडे फक्त यशाचाच हिशेब मागतो. 'काय मिळालं?' याऐवजी 'कुठे कुठे शोधलंस?' असे एकदा विचारून पाहावे.