शिरूर-दौंडच्या पावसाची वही

लोणावळ्याहून निघालेली गाडी पुणे ओलांडून दौंडला पोचते, तेव्हा तिने दीडशे किलोमीटरही अंतर कापलेले नसते. परंतु तेवढ्या अवधीत पावसाचा एक मोठा उतार ती उतरून आलेली असते. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आगेमागे, आणि दौंडात पाचशेच्या आतबाहेर. नगर रस्त्याने शिरूरकडे जाणाऱ्यालाही हीच कथा वाचावयास मिळते. सह्याद्रीने पश्चिमेचे ढग अडवून रिते केल्यावर उरलेसुरले या पूर्व भागाच्या वाट्याला येते. शाळेच्या भूगोलात यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

मात्र सरासरीचा हा उतार समजला म्हणजे या दोन तालुक्यांचा पाऊस समजला, असे होत नाही. येथे जून-जुलैत वारा जोराचा आणि पाऊस बेताचा. ढग डोक्यावरून पूर्वेकडे धावत असतात आणि चार शिंतोडे देऊन निघून जातात. भरवशाचा पाऊस यायचा तो भाद्रपद-आश्विनात, उत्तरा-हस्ताच्या सुमारास, आणि तोही बहुधा दुपारनंतर गडगडत उठणाऱ्या ढगांतून. रब्बीची ज्वारी त्याच्याच जिवावर येते. या ढगांची तऱ्हा मोठी लहरी. ओढ्याच्या अलीकडे ताली फुटाव्यात इतके पाणी ओततील आणि पलीकडे धूळही बसू देणार नाहीत. कान्हूर मेसाईच्या पावसावरून मांडवगण फराट्याचा पाऊस सांगता येत नाही; खोर-पडवी-कुसेगावच्या जिरायती पट्ट्यावरून भीमाकाठच्या राहूचा सांगता येत नाही. ज्यांच्या बांधापर्यंत मुठेच्या कालव्याचे किंवा घोड-चासकमानचे पाणी पोचले आहे, त्यांच्या उसाला एखाददुसरे नक्षत्र कोरडे गेल्याने फारसे बिघडत नाही. ज्यांच्यापर्यंत ते पोचलेले नाही, त्यांचे वर्ष मात्र दोन-तीन पावसांवर तोललेले असते. ते पाऊस पडले की नाही, आणि पडले तर किती, हा त्यांच्या दृष्टीने पोटाचा प्रश्न आहे.

अलीकडे तो कचेरीच्या कागदाचाही प्रश्न झाला आहे, आणि या लेखाचे प्रयोजन तेच आहे. २०२३ सालचा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिरूर आणि दौंड हे दोन्ही होते. लगेच नोव्हेंबरमध्ये आणखी १०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. त्यासाठी लावलेली कसोटी अशी होती : जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरांहून कमी. अतिवृष्टीची मदतही मंडळातील पावसाच्या नोंदीशी बांधलेली असते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी, त्याहून कमी झाल्यास नाही. फळपीक विम्याच्या हवामानाधारित योजनेत तर मंडळातील यंत्राचा आकडा हाच पुरावा. कवठे येमाईकडील डाळिंबाच्या बागेत प्रत्यक्ष काय घडले, हे पाहण्यास कोणी जाण्याचे कारणच उरत नाही. एका मंडळात गावे अनेक आणि पाऊस मोजणारे यंत्र बहुधा एक. ज्या प्रदेशात पाऊस ओढा पाहून पडतो, तेथे एका ठिकाणच्या ६४ किंवा ६६ या आकड्यावर आठ-दहा गावांचे दैव ठरावे, ही व्यवस्था सोयीची असेल. तिला न्याय्य म्हणणे कठीण आहे.

आजची व्यवस्था पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारलेली आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. एके काळी सबंध तालुक्याला मामलेदार कचेरीच्या आवारातील एक पर्जन्यमापक, आणि तो पाहणारा एक कारकून, एवढाच संसार होता. आता 'महावेध' प्रकल्पाखाली राज्यात दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सगळे ती आपोआप टिपतात. तथापि यंत्र आपोआप टिपते याचा अर्थ ते बरोबरच टिपते असा नाही. झाड वाढून यंत्रावर आले, शेजारी इमारत उठली, जाळीत पालापाचोळा अडकला, तर आकडा खाली येतो आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. अशा तक्रारी शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांना मिळणारे उत्तर ठरलेले असते : तुमच्याकडे दुसरी नोंद आहे काय? आणि सहसा ती नसते.

ही दुसरी नोंद ठेवण्याचे काम हौशी माणसांनी करावे, असे आमचे म्हणणे आहे. त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण पाऊस मोजण्याचे शास्त्र हौशी माणसांच्याच वह्यांतून वाढलेले आहे. आपल्या तालुका कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला पाच इंच व्यासाचा पर्जन्यमापक ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो जॉर्ज सायमन्स हा इंग्रज गृहस्थ. त्याने १८६० साली १६८ निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून छापल्या. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर, जमीनदार अशी ही मंडळी, विनावेतन पाऊस मोजणारी. १९०० साली सायमन्स वारला तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांवर गेलेली होती. ब्रिटनच्या पावसाचा जो इतिहास आज सांगितला जातो, त्याचा पाया या लोकांनी घातला.

आपल्याकडे हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि दंग्याचे लोण भीमथडी, शिरूर या तालुक्यांतून पसरले. हा योगायोग खरा, पण अर्थहीन नाही. पाऊस आणि कर्ज यांचे येथील नाते तेव्हाही इतके जवळचे होते. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी दख्खनच्या खेड्याचा आपला दुसरा अभ्यास, कानिटकरांच्या सहकार्याने, शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावी केला. तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. याच मॅनसाहेबांचे मुंबई इलाख्यातील दख्खनच्या पावसावर आणि दुष्काळावर एक पुस्तक आहे, १९५५ साली निघालेले. त्यात १८६५ ते १९३८ या चौऱ्याहत्तर वर्षांच्या पावसाचा विचार आहे. रोज सकाळी कचेरीच्या आवारात जाऊन मोजपात्र डोळ्यांसमोर धरणारे आणि इंच-सेंटांत आकडा लिहिणारे कारकून नसते, तर असा अभ्यास होऊच शकला नसता. त्या कारकुनांची नावे पुस्तकात असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या आकड्यांवर मात्र ते उभे आहे.

आज हवामानाविषयी बोलणारे उदंड झाले आहेत. दर आठवड्याला कोणी ना कोणी पावसाची तारीख सांगतो, ती चुकली की पुढची सांगतो, आणि लोकही मागची विसरून पुढचीची वाट पाहतात. पंचांगातील नक्षत्रे आणि त्यांची वाहने यांचे एक वेळ समजू शकते. निदान तरणा आणि म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस या नावांत पिढ्यांचे निरीक्षण साठवलेले आहे. (सूर्याचा नक्षत्रप्रवेशही ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, ही गोष्ट पंचांगवाल्यांनी कधी तरी मोकळेपणाने सांगावयास हरकत नाही.) अंदाज सांगणाऱ्यांच्या या गर्दीत पडलेला पाऊस शांतपणे मोजून ठेवणारा मनुष्य कोणाच्या लक्षातही येत नाही. असे लोक या पट्ट्यात आहेत. कोणाच्या परसात, कोणाच्या गच्चीवर प्लास्टिकचे साधे पर्जन्यमापक असते, आणि रोजचे आकडे ते परस्परांस कळवीत असतात. त्यांची हौस दोन-तीन नियमांनी बांधली गेली, तर तिचे रूपांतर दप्तरात होईल.

नियम अवघड नाहीत. पर्जन्यमापक गच्चीवर नको, कारण तेथील वाऱ्याने थेंब बाहेर उडतात आणि पाऊस कमी भरतो. तो मोकळ्या जमिनीवर, तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच राहील असा बसवावा, आणि जवळच्या झाडाच्या वा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. मोजण्याची वेळ सकाळी साडेआठची, कारण देशभर तीच पाळली जाते. त्यामुळे काल संध्याकाळी कोसळलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. वर्तमानपत्रांतील आकड्यांत आणि लोकांच्या आठवणीत एका दिवसाचा जो फरक नेहमी पडतो, त्याचे मूळ येथे आहे. अडीच मिलिमीटरांहून कमी पाऊस झाल्यास तो पावसाळी दिवस धरीत नाहीत; हे अडीच मिलिमीटर म्हणजे जुन्या मापातील दहा सेंट.

तथापि सर्वांत महत्त्वाचा नियम कारकुनी पेशातील वाचकांस सहज पटेल. ज्या दिवशी पाऊस नाही, त्या दिवशी शून्य लिहावयाचे. रकाना कोरा ठेवावयाचा नाही. कोऱ्या रकान्याचा अर्थ 'पाहिले नाही' असा होतो, शून्याचा अर्थ 'पाहिले, आणि पाऊस नव्हता' असा. २०२३ च्या खरिपात पावसाचा एकवीस दिवसांचा खंड पडला किंवा नाही, यावर विम्याच्या आगाऊ भरपाईचा निवाडा अवलंबून होता. तेव्हा शून्यांनी भरलेली वही ज्याच्यापाशी असती, त्याच्या बोलण्याला वजन आले असते. २०२५ च्या खरिपापासून ती तरतूद गेली आणि भरपाई पीककापणीच्या प्रयोगावर आली. पण योजना बदलत राहतात, खंड पडावयाचा राहत नाही. हौशी माणसाला मोठा पाऊस लिहिण्याचा उत्साह असतो. कोरडे दिवस लिहिण्याचा कंटाळा येतो, आणि या तालुक्यांत वर्षातले बहुतेक दिवस कोरडेच असतात.

घरगुती नोंदीवर विश्वास कसा ठेवावा, हा आक्षेप येईल. मदत मिळावी म्हणून कोणी पर्जन्यमापकात तांब्याभर पाणी ओतणार नाही कशावरून? एकट्या वहीविषयी हा संशय रास्तच आहे. पण एका मंडळात पाच-सहा वह्या असल्या, तर त्या एकमेकींच्या साक्षीदार होतात. पुढे-मागे खोटा आकडा शेजारच्या आकड्यांत उघडा पडतो. केरळात वायनाड जिल्ह्यात ह्यूम सेंटर या संस्थेने सुमारे दोनशे ठिकाणी पर्जन्यमापक बसवून घेतले, आणि स्थानिक लोक ते पाहतात. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई-चूरलमला येथे दरड कोसळली. तिच्या आदल्या दिवशी या संस्थेने याच आकड्यांवरून जिल्हा प्रशासनास इशारा दिलेला होता. तो पुरेसा ऐकला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. आकडा मात्र खरा होता.

शासनाकडून येथे फार पैशाची अपेक्षा नाही. अशा वह्या पंचनाम्याच्या वेळी पूरक पुरावा म्हणून पाहिल्या जातील, एवढे त्याने लेखी मान्य करावे. दुसरे, नवे यंत्र उभे राहिले म्हणून तहसील कचेरीतील जुने पर्जन्यमापक काढून टाकू नये. काही वर्षे दोन्ही शेजारी चालू ठेवावेत, म्हणजे जुन्या शतकभराच्या आकड्यांशी नव्यांची सांगड घालता येईल. तिसरे, साखर कारखाने, पाटबंधारे खात्याचे बंगले आणि जुन्या शाळा यांच्या कपाटांत पावसाच्या ज्या वह्या वाळवीची वाट पाहत पडल्या असतील, त्या शोधून त्यांच्या प्रती पुण्यास धाडाव्यात. १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आलेले हवामान खात्याचे मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, पण देशाच्या हवामान-नोंदींचे भांडार अजून पुण्यातच आहे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने सिद्ध केलेली, सहा किलोमीटरांच्या चौकटीत अंदाज देणारी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. अंदाज इतका बारीक झाला, तर तो ताडून पाहणारी नोंदही तितकीच बारीक हवी.

गावोगावी कायमची आणि मोकळ्या आवाराची जागा म्हणजे शाळा. तेव्हा पर्जन्यमापक तेथे असावा, हे ओघानेच येते. परंतु शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार पुष्कळ आहे; त्यात आणखी एका सक्तीच्या तक्त्याची भर पडली, तर आकडे महिनाअखेरीस एका बैठकीत भरले जातील, आणि तशा वहीपेक्षा वही नसलेली बरी. जेथे एखाद्या शिक्षकास याची गोडी असेल तेथेच हे सुरू व्हावे, मुलांनी पाळीपाळीने मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी, हे गणित फळ्यापेक्षा मोजपात्रातून लवकर उमगते. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो हाताने काम करीत शिकावे यासाठीच. त्या तालुक्याला ही कल्पना परकी वाटू नये.

खरी अडचण सुटीची आहे. २५ मे २०२५ रोजी दौंड आणि बारामती तालुक्यांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, पुणे-सोलापूर महामार्गावरून पाणी वाहिले. तो दिवस रविवारचा, आणि उन्हाळ्याच्या सुटीतला. वळवाचे पाऊस सुटीत येतात. मृग निघतो ७-८ जूनला आणि शाळा उघडते त्यानंतर आठवड्याने. परतीचा पाऊस लांबला की तो दिवाळीच्या सुटीत सापडतो. दौंड हे रेल्वेचे गाव. चाळीस वर्षे गाडीच्या वेळा पाळलेली निवृत्त माणसे तेथे घरोघर आहेत. शिरूरकडे निवृत्त शिक्षकांना तोटा नाही. सुटी लागण्याच्या दिवशी मोजपात्र, वही आणि आवाराच्या फाटकाची किल्ली शाळेने अशा एखाद्या गृहस्थाच्या स्वाधीन करावी, आणि शाळा उघडेल त्या दिवशी पहिल्या तासाआधी परत घ्यावी.