पीसीओएस : घाई नको, दिरंगाईही नको

लग्नाला दीड-दोन वर्षे झालेली असतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणून सोनोग्राफी होते आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ येते : दोन्ही अंडाशयांत ‘पीसीओ पॅटर्न’. त्या ओळीपाठोपाठ सल्ल्यांना सुरुवात होते. त्यांतले दोन सगळ्यांत जास्त कानावर पडतात. पहिला, ‘आधी दहा-पंधरा किलो कमी करा, मग बघू.’ दुसरा, ‘उगाच वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ करून टाका.’ एक थांबायला सांगतो, दुसरा उडी मारायला. वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे वाटतात, पण दोघांचा दोष एकच आहे : मधल्या पायऱ्या दोघेही गाळतात. आणि पुरावा सर्वांत भक्कम, खर्च सर्वांत कमी, तो नेमका या मधल्या पायऱ्यांवर. म्हणून पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचे (पीसीओएस) निदान झालेल्या आणि मूल हवे असलेल्या प्रत्येक जोडप्याला उपचारांचा क्रम, प्रत्येक पायरीची मुदत आणि त्यापुढची पायरी हे सारे सुरुवातीलाच लेखी मिळायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे निदान काय सांगते आणि काय सांगत नाही, ते पाहू. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात : स्त्रीबीज अनियमितपणे सुटणे, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत अंडाशयांचे विशिष्ट रूप. थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणे त्याआधी वगळावी लागतात. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान होत नाही. ज्यांना सर्रास ‘गाठी’ म्हटले जाते त्या गाठी नसतातच. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजकोशांचे ते छोटे छोटे बुडबुडे असतात. विशीच्या आतबाहेरच्या निरोगी मुलींतही ते दिसतात, म्हणून पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निकष बदलले की आकडेही कसे बदलतात, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील मोठ्या सर्वेक्षणात दिसते : जुन्या, कडक निकषांनी प्रमाण ७.२ टक्के, तर रॉटरडॅम निकषांनी १९.६ टक्के. इतक्या स्त्रियांना लागू होणारे निदान म्हणजे वंध्यत्वाचा शिक्का असूच शकत नाही. ज्या स्त्रीची पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते, तिला वर्षाला बारा-तेराऐवजी फार तर सहा ते आठ संधी मिळतात, आणि त्यांतही दर वेळी बीज सुटेलच असे नाही. अडचण आहे ती ही. स्वीडनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांतल्या सुमारे ८० टक्के स्त्रियांना किमान एक मूल झालेले होते. कुणाला उपचार लागले, कुणाला नाही. पीसीओएस असलेल्यांना वेळ मात्र जास्त लागला.

अडचण बीज सुटण्याची असेल, तर उपचाराची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. पण त्याच्याही आधी एक तपासणी येते, आणि नेमकी तीच मागे पडते : नवऱ्याच्या वीर्याची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकटे किंवा सोबतीने असते. तरीही घरोघरी चित्र असे दिसते की बायकोच्या फाइलला रबरबँड पुरत नाही आणि नवऱ्याचा एक कागद त्यात नसतो. ‘पीसीओडी आहे ना तिला’ एवढे वाक्य त्याला तपासणीतून सूट द्यायला पुरते. दोघांच्या तपासण्या, तिची साखर (शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी), रक्तदाब आणि फॉलिक ॲसिडची गोळी, इतके झाले की पुढचे औषध लेट्रोझोल. मूळचे हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घेतले की शरीरातले इस्ट्रोजेन तात्पुरते उतरते, मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला त्याचा सुगावा लागतो आणि ती बीजकोश वाढवणारे संप्रेरक जास्त सोडते. मग दर दोन-तीन दिवसांनी फॉलिक्युलर स्टडी : कार्डावर १२, १५, १८ मिलिमीटर असे आकडे चढत जातात, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी शेजारी लिहिली जाते आणि बीज सुटण्याच्या सुमाराचे दिवस जोडप्याला सांगितले जातात. दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या इथे फसवू शकतात, कारण त्या जे संप्रेरक शोधतात ते पीसीओएसमध्ये अनेकींत मुळातच वाढलेले असते.

या औषधाचा पुरावा काय? २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्तीत जास्त पाच चक्रांच्या उपचारांत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले; जुन्या क्लोमिफिन या गोळीने १९.१ टक्के. भारतात मात्र २०११ मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. जगात ज्या काळात या औषधाची बाजू भक्कम होत गेली, त्याच काळात इथे ते अधिकृतरीत्या हातात नव्हते. आज २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे बीज सुटण्यासाठी पहिली निवड म्हणून त्याचेच नाव घेतात. त्याने जमले नाही तर दुसऱ्या पायरीवर संप्रेरकांची इंजेक्शने किंवा दुर्बिणीतून अंडाशयावर केली जाणारी छोटी शस्त्रक्रिया. आयव्हीएफ तिसऱ्या पायरीवर. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनला यात पूरक जागा आहे. शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस हा आकडा काहींना तोकडा वाटेल. पण तो एका स्वस्त गोळीचा, पाच चक्रांतला आणि शिडीच्या पहिल्याच पायरीवरचा आकडा आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

पहिला आक्षेप वजनाचा, आणि तो पोकळ नाही. पीसीओएसमध्ये अनेकींच्या शरीराला इन्शुलिन नीट लागू पडत नाही, ते रक्तात वाढते आणि अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला भाग पाडते. पाच-दहा टक्के वजन उतरले तरी काही जणींची पाळी आपोआप नियमित होते. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोकाही वजनाबरोबर वाढतो, आणि आपल्याकडे तो कमी वजनालाच सुरू होतो. तेव्हा वजनाकडे लक्ष हवेच. प्रश्न एवढाच आहे की उपचार त्यासाठी थांबवायचे का. नेदरलँड्समध्ये मूल होत नसलेल्या ५७७ स्थूल स्त्रियांवरील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सगळ्यांना पीसीओएस नव्हता. एका गटाला सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम देऊन मग उपचार केले, दुसऱ्या गटाचे उपचार लगेच सुरू केले. २४ महिन्यांत पूर्ण दिवसांचे, एकच, निरोगी बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २७.१ टक्के, तर थेट उपचार घेतलेल्यांत ३५.२ टक्के निघाले. लेट्रोझोलच्या ज्या चाचणीचा वर उल्लेख केला, तिच्यातल्या स्त्रियांचा सरासरी बीएमआयही ३५ च्या घरात होता. साखर हाताबाहेर असेल किंवा वजन फारच जास्त असेल, तर आधी ते सावरणे बाळाच्याही भल्याचे. पण एरवी वजन आणि उपचार हातात हात घालून चालू शकतात. ‘भात सोडा, चाला’ एवढे सांगून सहा महिन्यांनी यायला सांगणे म्हणजे उपचार नव्हे. पहाटे उठून चौघांचे डबे भरणारी, घरात स्वतःपुरते वेगळे काही शिजवायची मुभा नसलेली सून त्या सल्ल्याचे काय करणार? सहा महिन्यांनी ती वजनासकट अपराधीपणा घेऊन येते, किंवा येतच नाही. शिवाय सडपातळ असूनही पीसीओएस असलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांना या सल्ल्यात जागाच नाही.

दुसरा आक्षेप आयव्हीएफच्या बाजूने येतो : एका चक्रातले यश गोळ्यांपेक्षा जास्त आहे, वय थांबत नाही, मग पायऱ्या मोजत कशाला बसायचे? गर्भनलिका दोन्ही बाजूंनी बंद असतील, वीर्याचा दोष गंभीर असेल किंवा वय चाळिशीकडे झुकले असेल, तर हे अगदी बरोबर आहे. तिथे खालच्या पायऱ्यांवर रेंगाळणे हीच चूक ठरेल. पण २६-२७ वर्षांच्या, नलिका मोकळ्या असलेल्या स्त्रीला हाच न्याय लावता येत नाही. पीसीओएसमध्ये अंडाशये इंजेक्शनांना भलताच जोरदार प्रतिसाद देतात; पोटात पाणी साचण्यापर्यंत जाणारा, क्वचित जिवावर बेतणारा त्रास याच स्त्रियांत जास्त दिसतो. अलीकडच्या पद्धतींनी तो बराच आटोक्यात आणला असला, तरी एका गोळीने काम होण्याची वाजवी शक्यता असताना तो पत्करायचा का, हे ठरवण्याचा हक्क त्या जोडप्याचा आहे. खर्चाचाही प्रश्न आहेच : एका चक्राला लाखाच्या वर रुपये लागतात, आणि पहिल्याच चक्रात यश येईल याची हमी कुणी देत नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्याने यशाची शक्यता, खर्च, धोके यांची माहिती देणे क्लिनिकवर बंधनकारक केले आहे. मात्र ती माहिती मिळते आयव्हीएफच्या दारात पोहोचल्यावर. दाराआधीच्या पायऱ्या कुणी दाखवल्या का, हे विचारणारे कुणी नाही. हप्त्यांच्या आणि पॅकेजच्या जाहिराती तर दारापासूनच सुरू होतात.

इथे सरकारची जबाबदारी येते. १९५२ पासून आपण कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राबवतो, पण मूल न होणे ही अजूनही ज्याची त्याची खासगी अडचण मानली जाते. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले आहेत. गोवा मेडिकल कॉलेजने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सुरू केले, ते स्वागतार्हच आहे. तरी पीसीओएसच्या बहुसंख्य स्त्रियांची पहिली गरज आयव्हीएफ नाहीच. वीर्य तपासणी, साखरेची चाचणी, लेट्रोझोल आणि महिन्यातून तीन-चार सोनोग्राफ्या, एवढे जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी देणे अशक्य नाही. तसे झाले तर गावातल्या जोडप्याला पहिल्याच उपचारासाठी शहर गाठावे लागणार नाही आणि शेतातला तुकडा गहाण टाकण्याची वेळही थेट येणार नाही.

राहिला तिसरा आक्षेप, व्यवहाराचा. सत्तर-ऐंशी रुग्णांच्या ओपीडीत डॉक्टरांनी योजना लिहीत बसायचे का, आणि प्रत्येक बाई वेगळी असताना सगळ्यांना एकच साचा कसा लावायचा? साचा नकोच, आणि लिहिण्यासारखे तरी किती आहे? केसपेपरच्या मागे पाच ओळी पुरतात : दोघांच्या कोणत्या तपासण्या झाल्या, कोणत्या राहिल्या; आता कोणते औषध; किती चक्रे; बीज सुटतेय का ते कसे कळणार; आणि न जमल्यास पुढे काय. ज्या बाईसाठी क्रम बदलायचा, तिच्यापुढे बदलाचे कारण सहाव्या ओळीत लिहावे. डॉक्टर बदलले की त्याच तपासण्या नव्याने करण्यातला पैसा आणि महिने तेवढ्यानेच वाचतील. आणखी एक गोष्ट साधेल, ती कमी महत्त्वाची नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात आणि त्यांची चौकशी करणे उपचारांचाच भाग मानावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘गोड बातमी कधी?’ या प्रश्नाला उत्तर नसणे जितके खुपते, त्याहून जास्त खुपते आपण नेमके कुठे उभे आहोत हे स्वतःलाच ठाऊक नसणे. हाती मुदत असली की वाट पाहणे सुसह्य होते. अंदाजाने, पुड्या-काढ्यांच्या आणि ऑनलाइन ‘पीसीओडी किट’च्या मागे धावत वाट पाहणे नाही.

आणि घरच्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट असावी. ‘लग्न झाले, एक मूल झाले की सगळे बरे होईल’ असे मुलींना सांगितले जाते, त्याला आधार नाही. बाळंतपणाने पीसीओएस जात नाही. मधुमेहाचा धोका पुढेही राहतो आणि साखरेची तपासणी अधूनमधून करत राहावीच लागते. त्यामुळे या आजाराच्या भीतीने कुणाच्या लग्नाची किंवा मुलाची घाई करायचे कारण नाही, आणि मूल हवे असेल तेव्हा वजनाचा काटा हलेपर्यंत दारात उभे करण्याचेही कारण नाही. पुढच्या भेटीला जाताना जोडप्याने दोघांचे अहवाल एका फाइलीत न्यावेत आणि उठण्याआधी एवढे विचारावे : आपण कितव्या पायरीवर आहोत, इथे किती महिने आणि त्यानंतर काय? उत्तर कागदावर मिळाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.