हुबेहूब म्हणजेच श्रेष्ठ काय?

परवा वसतिगृहाच्या कट्ट्यावर ऑनलाइन व्हिडिओ गेमवरून वाद रंगला. एका मित्राचे ठाम मत असे की, ज्या गेममधले चित्र फोटोसारखे खरे दिसते तोच श्रेष्ठ. बाकी सारा पोरखेळ! आमच्या वर्गातला एक मुलगा वहीच्या मागच्या पानांवर गेममधल्यासारखी पात्रे काढतो. त्याने ते ऐकले आणि "माझी चित्रं खरी दिसतच नाहीत," म्हणत पाने फाडून टाकली. म्हणून हा लेखनप्रपंच.

'टीम फोर्ट्रेस २' या गेमचेच पाहा. 'व्हॉल्व्ह' या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये तो प्रथम दाखवला, तेव्हा त्यातले सैनिक खऱ्या लष्करातल्यासारखे होते. २००७ मध्ये तो बाजारात आला तो मात्र पार वेगळे रूप घेऊन! लायेनडेकर, रॉकवेल अशा जुन्या अमेरिकन चित्रकारांचा आदर्श आता समोर होता. कोणी अवाढव्य छातीचा, तर कोणी काटकुळ्या पायांचा. हा लहरीपणा नव्हता. या गेममध्ये नऊ प्रकारचे योद्धे असतात, आणि समोरचा योद्धा दुसरा जिवंत माणूस चालवत असतो. धावपळीत तो कोण हे क्षणात कळायला हवे. म्हणून प्रत्येकाची आकृती अशी बेतली की नुसत्या सावलीवरून ओळख पटावी.

माझ्या मते कलेचे मर्म येथेच आहे. कॅमेरा समोरचे सारे टिपतो. चित्रकार त्यातले नेमके निवडतो.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर २००४ चे. त्या एकाच महिन्यात 'एव्हरक्वेस्ट २' आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे दोन गेम आले. पहिल्याचा ओढा वास्तवाकडे, तर दुसऱ्याची चित्रे भडक रंगांची, अतिशयोक्त आकारांची. दुसरा साध्या संगणकावरही चालत असे. लोकप्रियतेत तोच कितीतरी पुढे गेला. २०१९ मध्ये त्याची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू केली, तेव्हा जुन्या रूपावरही खेळाडूंच्या उड्या पडल्या. हुबेहूबपणाचे माप मात्र नव्या यंत्रागणिक बदलते. कालचे 'अगदी खरे' आज मेणाच्या पुतळ्यासारखे वाटते, आणि उद्याचे पाहण्यासाठी खिसा रिकामा करावा लागतो. भावाचा जुना संगणक वापरणाऱ्याने मग काय करावे?

वास्तवदर्शी चित्रणाला माझा विरोध नाही. २०२० च्या 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये विमानातून खरी पृथ्वी पाहण्यातच आनंद आहे. तेथे हुबेहूबपणाच हवा. प्रश्न चित्र खरे दिसते का हा नसून, ते आपले काम करते का हा आहे.

तेव्हा मित्रा, ती पाने पुन्हा काढ. पुढच्या अंकासाठी संपादकांकडे मी स्वतः नेऊन देईन!