आधी ब्रेक, मग रंग

मुंबईतील अखेरची 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ही काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. वृत्तपत्रांनी तिला भरभरून निरोप दिला, अनेकांनी तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. त्या हळहळीत खोटे काही नव्हते. मात्र या निरोपाचा एक परिणाम मुंबईपासून दूर, आमच्या संभाजीनगरसारख्या शहरांत होणार होता. त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. टॅक्सी रोज धावत होत्या म्हणून तिचे वॉशर, ब्रेकची किट, क्लचच्या प्लेटा, पेट्रोल पंपाचे पडदे बाजारात येत होते. आणि ते येत होते म्हणूनच एखाद्या वकिलाच्या वा डॉक्टरांच्या अंगणात उभी असलेली घरगुती पद्मिनीही जगू शकत होती. रोजचे गिऱ्हाईकच उरले नाही, तर सुटे भाग कोण आणि कशासाठी बनवणार?

अशा उभ्या गाड्या मराठवाड्यात आजही आहेत. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली फियाट. पुढे घरात मारुती आली, मुले पुण्याला वा परदेशी गेली, वडील थकले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. पंधरा-वीस वर्षांनी कोणाच्या तरी मनात येते, "बाबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू या." हा विचार स्वागतार्हच आहे. पण त्यानंतर जे घडते, ते बहुधा उलट्या क्रमाने घडते. पहिला पैसा रंगावर जातो. मग सीटकव्हर, मग बंपरचे निकेल. बॅटरी नवी टाकून सेल्फ मारला जातो, इंजिन सुदैवाने धडधडते, घरातले टाळ्या वाजवतात आणि गाडी देवदर्शनाला निघते. ब्रेककडे लक्ष जाते ते पहिल्या उतारावर. ज्या गाडीत आपण नातवंडे बसवणार आहोत तिच्याबाबतीत हा क्रम चालणार नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे. कला शाखेच्या पदवीधराने यंत्राविषयी लिहू नये, असा काही नियम नाही.

या गाडीविषयी आपल्याला आपुलकी का वाटते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत, परकीय सत्ता असताना, पाऊल टाकले. 1919 मध्ये सिंधिया कंपनीची जहाजे, 1940 मध्ये बंगळूरचा विमान कारखाना आणि 1944 मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स'. कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांतल्या गोलमटोल 'मिलेचेंतो'ला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. मराठी माणूस ज्यावर प्रेम करतो त्याला नावे ठेवल्याशिवाय राहत नाही. 1964 मध्ये नव्या घाटाची 'डिलाइट' आली आणि 1974 मध्ये तिचेच बारसे 'पद्मिनी' असे झाले. 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागच्या चाकांना गती. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या कुटुंबाने 1964 साली फियाटच घेतली. बारा हजारांची गाडी, त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेचे पाच हजारांचे कर्ज. शास्त्रीजींच्या निधनानंतर ललिताजींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती मोटार आज दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आहे. तिने उभेच राहावे. तिचे काम आता सांगण्याचे आहे, धावण्याचे नाही. आपल्या घरच्या गाडीचे तसे नाही.

उभी गाडी कशाने मरते? चालून झिजते त्याहून अधिक ती न चालल्याने सडते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून जातो, मागे उरतो चिकट डिंक. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. अर्धी रिकामी टाकी आतून गंजते आणि तो गंज पहिल्याच प्रवासात पंपाकडे ओढला जातो. इंजिनातले जुने तेल आम्ल धरते. सिलिंडरच्या भिंतींवर गंजाची साय येऊन रिंगा चिकटतात. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ते पाणी ब्रेकच्या सिलिंडरला आतून खाते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. आमच्या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मुंबई-कोकणात पत्रा आधी जातो. मराठवाड्याची कोरडी हवा पत्र्याची मित्र, पण रबराची वैरीण. चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यांत होजपाइप, पंख्याचा पट्टा, दारांची रबरे, टायरच्या बाजू सगळे कडक होऊन तडकते. भरीला उंदीर. वायरिंगवरचे कापड नि प्लास्टिक त्यांना प्रिय असते आणि कुरतडलेली वायर ही पेट्रोलच्या गाडीत आगीची नांदी असते.

म्हणून जाणता मिस्त्री पहिल्या दिवशी चावी मागत नाही. तो प्लग काढतो आणि प्रत्येक भोकातून थोडे पातळ तेल सोडतो. दोन-चार दिवस तसेच ठेवतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलने इंजिन हाताने फिरवून पाहतो. फिरले तर ठीक. अडले तर जोर न करता पुन्हा तेल, पुन्हा वाट. सेल्फ मारण्याच्या उतावीळपणात वाकलेले व्हॉल्व्ह आणि तुटलेल्या रिंगा पुढे कितीतरी पटींनी महाग पडतात. इंजिन मोकळे झाले की जुने तेल काढून नवे, गाळणी नवी. रेडिएटर धुऊन घेणे, पाण्याच्या पंपातून गळती आहे का ते पाहणे. टाकी उतरवून आतून साफ करणे, जमत नसेल तर पहिल्या चाचणीसाठी बाहेरून छोट्या डब्यातून पेट्रोल देणे. कार्बोरेटर पूर्ण खोलणे. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून नवा कंडेन्सर. या साऱ्यानंतर चावी. आणि इंजिन सुरू झाले की सर्वप्रथम पाहायचे ते तेलाच्या दाबाकडे, घरच्यांच्या चेहऱ्यांकडे नंतर.

पेट्रोलचीही गोष्ट बदलली आहे. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर वाढली; ते देशात 2000 सालीच बंद झाले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे आणि आयातीवरचा खर्च वाचतो, हे खरेच. पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची रबरे इथेनॉल सोसणारी बसवून घ्यावीत आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. पूर्वीचे चालक टाकी भरून ठेवत असत. त्या काळच्या पेट्रोलला तो सल्ला योग्य होता.

आता ब्रेक. जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात आणि त्या चारही चाकांना दाब पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच असतो. याचा अर्थ साधा आहे. दहा-वीस रुपयांचे एक रबरी वॉशर फाटले की पायाखालचा पेडल थेट जमिनीला टेकतो आणि चारही चाके मोकळी. मग उरतो तो फक्त हँडब्रेक, तोही कधीकाळी ताणलेल्या तारेवरचा. चारही ड्रम उघडणे, चाकांचे सिलिंडर काढून आतला खड्डा-गंज पाहणे, किट नवी, लोखंडी नळ्या नव्या, रबरी होज तर डोळे मिटून नव्या, सगळे तेल नवे. यांत काटकसर नको. टायरचेही तसेच. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला असे नसते. सन 2000 नंतरच्या टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '1408' म्हणजे 2008 सालचा चौदावा आठवडा. तो टायर एकदाही रस्त्याला लागला नसला तरी बाद समजावा.

पहिली फेरी गल्लीतच, मग जालना रोडवर पहाटेच्या रिकाम्या वेळी. त्यानंतर देवगिरीवरून खुलताबादचा घाट चढून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जायला हरकत नाही. चढावर रेडिएटर कळतो, उतारावर ब्रेक. समृद्धी महामार्ग मात्र या गाडीसाठी नाही. ताशी 120 किलोमीटरची मुभा असलेल्या त्या काँक्रीटवर पन्नास-साठच्या चालीने जाणारी पद्मिनी स्वतःला आणि मागून येणाऱ्यालाही संकटात टाकते. जुन्या रस्त्याची गाडी जुन्याच रस्त्याने न्यावी.

कागदपत्रांचा भागही कमी किचकट नाही. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5 हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते 2025 मध्ये 10 हजारांवर गेले. मुदत उलटून गेली असेल तर विलंबाचे शुल्क महिन्यागणिक वाढत राहते, म्हणजे शेडमध्ये स्वस्थ उभी असलेली गाडीही खर्च करतच असते. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र आणि नवी सुरक्षा पाटी. 2021 च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरील 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यात नव्या नोंदणीला 20 हजार रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरे आहेत. 1974 च्या पहिल्या पद्मिनी या वयात आल्याही आहेत. अनेकांना या पाटीचा मोह पडतो. पण ही नोंदणी घेतल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. ज्याला रविवारी आईला देवळात न्यायचे आहे, त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी हे बरे. आणि शासनाकडे एक मागणी रास्त ठरेल. वीस आणि पन्नास यांच्या मधल्या गाड्यांपैकी, वर्षाला हजारभर किलोमीटरही न चालणाऱ्या आणि तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या गाड्यांना शुल्कात सवलत मिळाली पाहिजे. त्यांच्या धुराने शहराची हवा बिघडत नाही.

वाहन वापरात ठेवण्याचे शहाणपण आपल्या परंपरेत आहेच. खंडेनवमीला आपण शस्त्रे, अवजारे आणि वाहने पूजतो. पूजा करायची म्हणजे आधी ती पुसावी, तेल द्यावे लागते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडे राजाराम महाराजांच्या काळातील जर्मन बनावटीची मेबॅक मोटार आहे. दसऱ्याला ती राजपरिवाराला घेऊन दसरा चौकात येते आणि हजारो लोक ती पाहतात. जी गाडी ठरल्या दिवशी लोकांसमोर चालत यायची आहे, तिच्या ब्रेकची, टायरची आठवण वर्षभर कोणाला तरी ठेवावीच लागते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या मोटारीच्या वाट्याला ही काळजी येत नाही. आपल्या घरच्या पद्मिनीला राजवैभव नसले तरी खंडेनवमी आहे. त्या दिवशी तिला हार घालून पुन्हा ताडपत्री ओढण्याऐवजी महिन्यातून एकदा वीस किलोमीटर फिरवून आणली, तर अर्धी दुरुस्ती टळेल.

उरतो प्रश्न हातांचा. कार्बोरेटरचा आवाज ऐकून स्क्रू पाव फेरा फिरवणारे मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 निकष आले आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. आज शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाने तो उघडलेला असण्याचे कारणच उरलेले नाही. आणि ही स्थिती कोणत्या शहरात? जिथे 1985 पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला स्कोडा आहे, जिथल्या एंड्युरन्ससारख्या कंपन्या देशभरच्या दुचाकींना ब्रेक आणि सस्पेन्शन पुरवतात, त्या शहरात एका फियाटच्या चाकाचे ब्रेक सिलिंडर मिळू नये हे चमत्कारिक आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयटीआय यांनी दरवर्षी एक जुनी गाडी विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि निवृत्त मिस्त्रींना शिक्षक म्हणून मानधनावर बोलवावे. उद्योजकांच्या संघटनांना याचा खर्च जड नाही. या मुलांना पद्मिनी दुरुस्त करून पोट भरायचे नाही, पण यंत्र निकामी का होते हे कळायला याहून चांगले पुस्तक सापडणार नाही.

तोवर घरोघरच्या मालकांनी एक पथ्य पाळावे. गॅरेजमधून निघालेला कोणताही जुना भाग, तो कितीही गंजलेला असो, भंगारवाल्याला देऊ नये. चिकलठाण्यातल्या एखाद्या लेथवर नवी बुश, नवा स्लीव्ह, क्वचित अख्खे सिलिंडरही करून मिळते; पण कारागीर पहिल्याप्रथम मागतो तो नमुना. जुने भाग नाव लिहून, तेल लावून, एका खोक्यात गाडीच्याच डिकीत ठेवावेत.