पुन्हा सुई? होय, पुन्हा!

"रक्त पुन्हा द्यावे लागेल," असे प्रयोगशाळेतून सांगितले की आपण चिडतो. मला मात्र असे सांगणाऱ्या तंत्रज्ञाचे कौतुक वाटते.

रक्त गोठल्यावर नळी यंत्रात गरगर फिरवली, की वर पिवळसर द्रव उरतो. तो लाल दिसला, तर तांबड्या पेशी फुटून त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर आले, असे समजावे. यालाच रक्तविलयन म्हणतात. सुई फार बारीक असली, सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला किंवा नळी जोरात हलवली, तरी पेशी फुटतात.

हिमोग्लोबिनबरोबर पोटॅशियमही बाहेर पडते. पेशीत ते बाहेरच्या द्रवाच्या वीसपटींहून अधिक असते! त्यामुळे आकडा खोटाच वाढतो. रोग्याचे पोटॅशियम खरोखर घटलेले असेल, तर तेही ठीक दिसते आणि हृदयाचा धोका लपून राहतो.

नीट घेतलेला दुसरा नमुनाही लालच निघाला तर? मग पेशी शरीरातच फुटत असतील. हिवतापात असे घडते. हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे.

चुकीच्या आकड्यावर औषध घेण्यापेक्षा दुसरी सुई बरी, नाही का? तेव्हा पुढच्या वेळी न चिडता हात पुढे करा.