गिटार परकी, मग यवनांची टाकी कुणाची?

१४ एप्रिल २०२३. जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यावस्त्यांत निळे झेंडे लागले होते, विहारांत वंदना झाली होती. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेतील मेटॅलिका या बँडचा '७२ सीझन्स' हा अल्बम जगभर प्रसिद्ध झाला. मंचरकडचा आमचा एक तरुण कार्यकर्ता सकाळी वंदनेला आला आणि दुपारी कानाला तोच अल्बम लावून मिरवणुकीच्या तयारीला लागला. एका ज्येष्ठांनी त्याला सगळ्यांदेखत झापले, "बाबासाहेबांच्या जयंतीला हा गोऱ्यांचा धांगडधिंगा कशाला रे?" पोरगा मान खाली घालून निघून गेला. कॉलेजपासून हेच संगीत ऐकणारे आम्ही मात्र गप्प बसलो. ते आमचे चुकले. म्हणून हा लेख.

आधी परकेपणाचा आक्षेप तपासू. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत यवनांच्या दानाचे शिलालेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणा यवनाने पाण्याची टाकी खोदवली, कुणी भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. संघाने ते दान परके म्हणून नाकारले नाही. मग आपणच गिटारीला परकी का म्हणावे?

आणि रॉक तरी गोऱ्यांचे कुठे? त्याचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि गॉस्पेल गायनात आहे. मेटल जन्मले ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे गिटारीच्या तारा सैल केल्या. मेटलचा तो जड, खोल आवाज घडण्यात या जखमी बोटांचा मोठा वाटा आहे. 'रेज अगेन्स्ट द मशीन'च्या १९९२ च्या पहिल्या अल्बमचे मुखपृष्ठ पाहा. १९६३ साली सायगावमध्ये बौद्धांवरील दडपशाहीविरुद्ध आत्मदहन करणारे भिक्खू थिच क्वांग डुक त्यावर आहेत. याला धांगडधिंगा म्हणायचे काय?

पण म्हणून येईल ते डोक्यावर घ्यायचे, असेही नाही. बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सा शिकवली, ती गाण्यांनाही लागू आहे.

'७२ सीझन्स' म्हणजे वर्षाला चार ऋतू या हिशोबाने आयुष्याची पहिली १८ वर्षे. त्या वयात मनावर जे कोरले जाते ते माणूस जन्मभर वाहतो, हा या अल्बमचा विषय. १२ गाणी, ७७ मिनिटे. आमच्या मते तीन-चार गाणी गाळली असती तर बरे झाले असते. 'लक्स एटर्ना' साडेतीन मिनिटांच्या आत जुना वेग दाखवून जाते. ११ मिनिटांहून लांब 'इनामोराटा' मात्र कंटाळा येऊ देत नाही. तरीही ही जखम एकट्या माणसाची राहते. आमच्या पोरांच्या ७२ ऋतूंत आडनाव विचारून बाक बदलणारा मास्तरही असतो. तो मेटॅलिकाच्या गाण्यात कुठून येणार? तो आपल्यालाच लिहावा लागेल.

मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या ब्लडीवूडचा 'नू दिल्ली' आला. आठच गाणी, पण ढोल आणि बासरी गिटारीच्या बरोबरीने उभी आहेत. वाजवणे झकास. २०२२ च्या 'रक्षक'मध्ये त्यांनी द्वेषाचे राजकारण करणाऱ्यांवर आणि स्त्रियांवरील अत्याचारांवर आवाज उठवला होता. नव्या अल्बममध्ये शहराचा आणि खाण्यापिण्याचा अभिमान जास्त आहे. अभिमान असावा, पण ज्या देशात ताट आणि पाणवठाही जातीने वाटला गेला, तिथे जातीवर थेट बोट ठेवणारे एक तरी गाणे हवे होते. आम्हाला ते सापडले नाही.

ते सापडते चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'कडे. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१८ मध्ये हा बँड रंगमंचावर आला. बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या पंडित अयोथी दास यांच्या 'जातिविहीन' या विचारावरून त्याचे नाव घेतले आहे. ज्या पराई वाद्याला जातीमुळे हीन ठरवले गेले, ते त्यांनी गिटारीशेजारी मानाने ठेवले आणि आरक्षणावरही गाणे केले.

आमच्या वाडवडिलांनी गावकीची सक्तीची कामे सोडली, कित्येकांनी हलगीही खाली ठेवली. योग्यच केले. हुकमाने वाजवणे ही गुलामी होती. पण आपली गोष्ट सांगायला आपल्या मर्जीने वाद्य उचलणे हा स्वाभिमान आहे. विठाबाई नारायणगावकरांच्या ढोलकीच्या मुलखात ड्रमची लाज कसली?

जयंती मंडळांना आमची नम्र विनंती आहे. डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशांतून एक गिटार, एक ड्रमसेट विहारात आणा. भीमगीतांच्या कार्यक्रमात अर्धा तास या पोरांना द्या. पोरांनो, तुम्हीही दुसऱ्याच्या चाली वाजवून थांबू नका. आपले शब्द लिहा, आणि गाणे कुणाच्या हाती देण्याआधी करारपत्र एखाद्या वकिलाला दाखवा. आमचे दार उघडे आहे, फी लागणार नाही.

आणि त्या दिवशी मान खाली घालून गेलेल्या मुला, पुढच्या जयंतीला गिटार घेऊन ये. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.

जयभीम!