उघडें कार्ड

पूर्वींच्या घरांतून माजघराच्या खुंटीला लोखंडी तारेचा एक आंकडा लटकत असे. आलेलें पत्र वाचून झालें कीं तें त्यांत ओंवून ठेवीत. वर्षानुवर्षांचीं तीं कार्डें हळूहळू पिंवळीं पडत. परंतु सर्वच पत्रें त्या तारेंत जात नसत. मृत्यूची वार्ता आणणारें कार्ड वाचून होतांच फाडून टाकण्याची रीत होती. आणि मुलीच्या सासरचें गाऱ्हाणें, भाऊबंदांतील वाटणी, उसनवारीची विनवणी असला मजकूर मुळीं कार्डावर लिहीतच नसत. त्याला बंद पाकीट लागे. कार्ड काय, पोस्टमनहि वाचूं शकतो, हें लिहितां येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होतें. काय कार्डावर लिहावें व काय पाकिटांत घालावें हें कोणीं शाळेंत शिकविलें नव्हतें. तें घरांतच कळत असे.

या आंकड्याची आठवण होण्यास कारण झाली आमची एक पुतणी. तिचें लग्न २०२२ सालीं झालें. परवां ती सासरच्या मंडळींसह जेवावयास बसली असतां तिच्या मोबाइलवर एका अपरिचित गृहस्थांचा फोन आला. गृहस्थ वयस्क व बोलण्यांत सभ्य होते. "आपला बायोडाटा आमच्याकडे आला आहे, चिरंजीवांशीं पत्रिका जुळते, तरी आपल्या वडिलांशीं केव्हां बोलावें?" असें त्यांनीं विचारलें. लग्नानंतर आलेलें हें सातवें कीं आठवें स्थळ! सासूबाई समंजस, त्यामुळें हंसण्यावारी गेलें. परंतु तत्पूर्वींचा एक इसम असा निघाला कीं, त्यानें तिच्या छायाचित्राचें वर्णन करून रात्रीं-अपरात्रीं संदेश पाठविण्यास प्रारंभ केला. त्याचा नंबर तिनें अडवला. पण पत्ता त्याच्यापाशीं होताच, आणि पुढें कित्येक दिवस माहेरीं जातांना जिन्यांत कोणी उभें नाहीं ना, हें पाहून मगच ती वर चढे, हें तिनें आम्हांस आतां सांगितलें. वडिलांना तिनें हें अद्यापि सांगितलेलें नाहीं.

आम्हीं तो बायोडाटा मागवून घेतला आणि प्रथमच लक्षपूर्वक वाचला. संपूर्ण नांव, जन्मतारीख, मिनिटापर्यंत जन्मवेळ, जन्मस्थळ, गोत्र, नाडी, शिक्षण, कंपनीचें नांव, वार्षिक वेतन, इमारत व सदनिकेच्या क्रमांकासह घरचा पत्ता, तीन दूरध्वनि, दोन छायाचित्रें. शेवटीं रीतीप्रमाणें मामांचें नांव, आडनांव व गांव. प्रत्येक ओळ निरुपद्रवी दिसते. परंतु आधारची जी पीडीएफ आपण उतरवून घेतों तिचा पासवर्ड म्हणजे नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी अक्षरें व जन्माचें वर्ष. तीं दोन्ही येथें पहिल्या दोन ओळींतच मिळतात. आईचें माहेरचें आडनांव हा तर बँकांनीं ओळख पटविण्यासाठीं विचारावयाचा जुना प्रश्न. मामांची ओळ हें त्याचें आयतें उत्तर होय. पाश्चात्त्यांच्या घरीं हें नांव सहसा कोणास ठाऊक नसतें म्हणून त्यांनीं तें गुपित मानलें; आपण तें मोठ्या अभिमानानें छापतों! घरांतील वडिलांच्या अमृतमहोत्सवाचें निमंत्रण शेंकडो लोकांस पाठवितांना आपण त्यांचें जन्मवर्षहि असेंच वांटीत असतों.

हा कागद आमच्या चुलतबंधूंनीं, म्हणजे तिच्या वडिलांनीं, वधूवरांच्या तीन व्हॉट्सॲप-गटांत टाकला होता. अशा एका गटांत १,०२४ पर्यंत माणसें असूं शकतात. स्वतः पाठविलेला संदेश सर्वांसाठीं पुसण्याची मुभा सुमारें दोन दिवस असते. तीहि कोणीं तो उतरवून घेतला वा पुढें धाडला असेल तर निरुपयोगी. लग्न ठरल्यावर गटांत पेढ्यांचें चित्र गेलें. बायोडाटा मागें घ्यावा असें कोणास सुचलें नाहीं. सुचतें तरी घेणार कोठून?

बंधूंशीं आम्हीं हा विषय काढला तेव्हां ते थोडे दुखावले. "आम्हीं काय चोरी केली आहे कीं लपवावें? मुलगी माझी, माहिती माझी, चांगल्या हेतूनें दिली," असें ते म्हणाले. हेतूबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. त्या दोन वर्षांत त्यांनीं झिजविलेल्या चपला आम्हीं पाहिल्या आहेत. परंतु माहिती त्यांची होती काय, हा आमचा प्रश्न आहे. पुतणीला विचारतां ती म्हणाली, "काका, बाबांनीं मला कागद दाखवला होता. कोणाकोणाला पाठवला तें मात्र कधीं सांगितलें नाहीं, आणि मीहि विचारलें नाहीं." चोरी न करणारा मनुष्यहि रात्रीं दाराला कडी घालतोच ना?

कोणी म्हणतील, यासाठीं कायदा आहे. आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याचे नियम प्रसिद्ध होऊन ते टप्प्याटप्प्यानें अंमलांत आणण्याचें ठरलें. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर कंपनीनें पालकांची संमति घेतली पाहिजे, असें त्यांत आहे. परंतु त्याच कायद्याचें तिसरें कलम सांगतें कीं, एखाद्या व्यक्तीनें घरगुती वा वैयक्तिक कारणासाठीं केलेल्या वापरास हा कायदा लागू नाहीं. आणि जी माहिती आपण स्वतःच जाहीर केली तिलाहि नाहीं. म्हणजे कंपनीनें नातवाचें नांव विचारलें तर आमची संमति हवी. पण आम्हीं आजोबांनीं त्याचें गणवेशांतील छायाचित्र, शाळेच्या नांवाच्या पाटीसह, हजार जणांपुढें ठेवलें तर कायदा कांहीं बोलणार नाहीं. कायदा उंबरठ्यापर्यंत येऊन उभा राहतो.

तेव्हां उंबरठ्याच्या आंतलें आपणच पाहिलें पाहिजे. लग्नकार्याच्या घरांत कार्यालयवाले, हॉटेलवाले आधारची प्रत मागतात. त्यांना झांकलेलें आधार द्यावें. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच तें मिळतें. त्यांत केवळ शेवटचे चार अंक दिसतात. छायाचित्र पाठवितांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवूं नये. मोबाइलनें टिपलेलें स्थळ अनेकदां चित्राच्या पोटांत नोंदलेलें असतें, आणि तशा रीतीनें धाडल्यास तें जसेंच्या तसें पुढें जातें. साधें छायाचित्र म्हणून पाठविल्यास व्हॉट्सॲप ती नोंद काढून टाकतें. हीं युक्तीचीं कामें नातवंडें पांच मिनिटांत करून देतात. त्यांस विचारण्यांत कमीपणा मानूं नये.

बायोडाट्याचें मात्र नातवंडांवर सोंपवून चालणार नाहीं, कारण तो वडीलधारेच लिहितात. आमच्या बंधूंची धाकटी कन्या आतां लग्नाची झाली आहे. मागील रविवारीं ते जुन्याच नमुन्यावर तिचा कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांनीं तो तिच्या हातीं दिला व पेन्सिलहि दिली, हें आम्हांस फार बरें वाटलें. तिनें पत्त्याऐवजीं केवळ गांवाचें नांव ठेवलें, कंपनीचें नांव व वेतन खोडलें, मामांची ओळ काढली, तिघांच्या दूरध्वनीऐवजीं याच कामापुरता घेतलेला एक नंबर लिहिला. जन्मतारखेच्या जागीं नुसतें वय घातलें. छायाचित्र एकच ठेवलें आणि त्यावर कोणास व कोणत्या तारखेस दिलें हें दर वेळीं घालावयाचें ठरविलें.

बंधु बराच वेळ तो अर्धा रिकामा कागद पाहत बसले. "अग, जन्मवेळ नाहीं, मामाचें नांव नाहीं, लोक म्हणतील कांहीं तरी दडवताहेत. पत्रिका कशी जुळवायची त्यांनीं?"

"ज्यांना खरोखर पुढें जायचें आहे ते फोन करतील, बाबा. त्यांना सांगूं कीं. पण आधीं मला विचारून."

बंधूंनीं चष्मा पुसला, आणि मोठ्या मुलीच्या कागदाची प्रत अजून कोणत्या गटांत आहे हें पाहण्यासाठीं स्वतःचा मोबाइल उघडला.